चादरीचं दुसरं टोक

चहाचा कप बशी झाकून टेबलावर ठेवला होता आणि माई त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. बसल्या होत्या असं म्हणायचं एवढंच. पाय एका जागी ठरत नव्हते, हात शालीचं टोक गुंडाळत होते, सोडत होते, आणि ओठ सारखे हलत होते. प्रार्थना अर्ध्याच्या पुढे गेली असं वाटत होतं. तेवढ्यात तोंडातून आलं, "दारात उभी मी, धुळीचे पाय माझे," आणि माई थबकल्या. हे तर मघाशीच म्हणून झालं होतं.

म्हणजे पुन्हा फेरा पडला.

ती लांबलचक प्रार्थना माईंना त्यांच्या आईनं दिलेली. तिच्या मध्यावर एक ओळ दोनदा येते, "उरले ते तुझे, देवा, उरले ते तुझे." पहिल्यांदा आली की पुढे दाराचं कडवं. दुसऱ्यांदा आली की पुढे... पुढे काय, तेच तर हल्ली सापडत नव्हतं. जीभ दुसऱ्यांदाही आपली दाराकडेच वळायची, दारावरून हिंडून पुन्हा त्याच ओळीशी यायची, पुन्हा दाराकडे. घाण्याला जुंपल्यासारखी. एवढी ओळ ओलांडली की शेवटपर्यंतची सगळी कडवी आपली आपण ओघळत यायची, पण ओलांडायची कशी? आजवर कधी नऊला, कधी अकराला जीभ चुकूनमाकून बरोबर वाटेला लागायची आणि सुटका व्हायची. काल मात्र दुपार झाली होती. आणि मागच्या आठवड्यात तर उपाशीपोटी चक्कर येऊन माई सोफ्यावरच कलंडल्या होत्या.

कारण प्रार्थना पुरी झाल्याशिवाय तोंडात चहाचा थेंबही घ्यायचा नाही, हा माईंचा नेम. पुस्तक घरात होतं, वरच्या फळीवर, स्वच्छ कापडात बांधलेलं. पण आईनं जाता जाता सांगितलं होतं, "पाहून म्हणू नकोस, कुणाला विचारून म्हणू नकोस. आठवेल तेवढीच तुझी." आईला अक्षरओळख नव्हती. तिच्या दृष्टीनं पुस्तकातली प्रार्थना पुस्तकाची, तोंडातली आपली.

आज सकाळी सुनेनं निर्वाणीचं सांगितलं होतं. सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. चपला घालता घालता ती म्हणाली, "माई, मी सकाळपासून उपाशी माणसांचं रक्त काढते. घरी आले की पुन्हा समोर उपाशी माणूस! मला सुट्टी कधी मिळायची?"

"तू तुझं बघ गं. होईल माझं."

"काल कधी झालं? तुमची साखर किती खाली गेली होती, मीच तपासली ना? ऐका, आज जेवणाच्या सुट्टीत मी घरी येणार. कप भरलेला दिसला, तर उद्यापासून आधी चहा आणि मग देव. मी समोर उभी राहून पाजणार. तुमचा मुलगाही मध्ये पडायचा नाही, त्याला सांगून ठेवलंय."

ती बोलल्याप्रमाणे वागणारी होती. माईंना सुनेची ही गोष्ट एरवी फार आवडायची.

मुलाचं तर बोलायलाच नको. त्यानं कुठूनतरी स्मरणशक्तीचे उपाय वाचून काढले होते. अक्रोड आणले, शब्दकोडी आणली, उलटे आकडे म्हणायला लावले. रविवारी समोर मांडी ठोकून म्हणाला, "माई, डोळे मिट. मनातल्या मनात घरातून फिरायचं आणि एकेक कडवं एकेका जागी ठेवत जायचं. मग आठवायच्या वेळी नुसतं चालत जायचं आणि उचलायचं. पहिलं कडवं ठेव चपलांच्या कपाटात."

"देवाचं नाव चपलांच्या कपाटात?"

"बरं, फ्रिजमध्ये ठेव."

"गारठेल की रे."

भांडी विसळणारी सून तोंडावर ओला हात ठेवून हसत सुटली होती. माईंनी नंतर तो उपायही मनोभावे करून पाहिला. पण डोळे मिटून घरात शिरल्या की त्यांना आपलं घरच ओळखू येईना. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून सगळं घर इकडचं तिकडे झालं होतं. गालिचे निघाले, कपाट सरकलं, भिंतींना धरायला दांडे आले, माईंचा पलंग पुढच्या खोलीत आला. आणि माईंच्या हातचं काम गेलं. "माई, तुम्ही फक्त बसा." धुणं यंत्राकडे, चादरी लाँड्रीकडे, भांड्यांना बाई. त्या पडल्या तेव्हा सून आत फोनवर बोलत होती, हाक तिला उशिरा ऐकू आली. ते ती कधी बोलून दाखवायची नाही, पण माईंनी साधा पेला विसळायला घेतला तरी धावत येऊन हिसकावून घ्यायची. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंत हो. माई मान डोलवायच्या आणि त्यांचे हात शिवशिवायचे.

माई उठल्या. खिडकीशी गेल्या, परत आल्या. पहिल्यापासून सुरू केलं. दारापाशी आल्या, पुढे गेल्या, पुन्हा दारापाशीच. घशाला कोरड पडली होती. एकदा मनात आलं, झालीच की जवळजवळ. शेवटचं कडवं म्हणून मोकळं व्हावं, मधलं कोण विचारतंय? आणि लगेच जीभ चावल्यासारखं झालं. कोण विचारतंय म्हणजे काय? ज्याला ऐकवायचं, त्यालाच फसवायचं?

दाराची घंटा वाजली. लाँड्रीवाला होता.

"आजी, चादरी आणल्यात. उचलू नका हं, बाईंनी बजावून सांगितलंय. मीच ठेवतो पलंगावर."

तो गेला. गठ्ठ्यावरचा कागद माईंनी उगीचच सोडला. कडक इस्त्रीचा, खळीचा ऊन वास नाकात शिरला आणि त्यांचा हात जागीच थांबला.

माईंची आई एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. प्रार्थना तिथलीच. एवढ्या बायका, एवढी वाफ, यंत्रांची घरघर, त्यात गप्पा कुठल्या ऐकू येणार? म्हणून सगळ्या मिळून ही प्रार्थना मोठ्यानं म्हणायच्या. पहिली कडवी भिजवताना, मग घासताना, पिळताना, वाळत घालताना. शाळा सुटली की माईही तिथेच. कुणी त्यांना प्रार्थना शिकवली नाही. कपडे धुता धुता ती अंगात मुरली. पुढे लग्नानंतर घरचं धुणं काढता काढता त्या ती म्हणायच्या. सकाळचं धुणं आटोपलं की प्रार्थनाही आटोपलेली असायची. इतकी वर्षं दोन्हींची सांगड कधी वेगळी करून पाहिली नव्हती, म्हणून ती आहे हेही कधी लक्षात आलं नव्हतं.

मग त्या ओळीला काय व्हायचं? त्या ओळीला हात काय करायचे?

माईंनी वरची चादर उलगडली. लाँड्रीवाल्यानं कशीही घडी घातली होती, कोपऱ्याला कोपरा नाही. त्यांनी दोन्ही कोपरे चिमटीत धरले, अंगठे आत घातले आणि झटका दिला. तोंड आपोआप म्हणालं, "उरले ते तुझे." पाय आपोआप एक पाऊल पुढे पडलं.

चादरीचं दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं.

हां! ही तर दोघींची घडी. एका टोकाला आई असायची. त्यांनी भराभर दुसरं टोक खुर्चीच्या पाठीला अडकवलं आणि ताणून धरलं. खुर्ची चादरीबरोबर त्यांच्याकडे चालत आली. मग त्यांनी दोन्ही कोपरे दाराच्या मुठीला गाठ मारून बांधले. चादर ताणली. झटका दिला. पुढे गेल्या, मुठीपाशी पोचल्या, "उरले ते तुझे, देवा," मागे सरकल्या, "दारात उभी मी," पुन्हा पुढे. दुसऱ्यांदा "उरले ते तुझे" म्हणून त्या हात पुढे करून उभ्या राहिल्या. पण मूठ काही हात पुढे करेना. जीभ टाळ्याला चिकटली. खुबा ठणकायला लागला होता, तरी त्यांनी पुन्हा चादर ताणली.

त्याच वेळी दार बाहेरून ढकललं गेलं. माईंच्या हातातली ताणलेली चादर एकदम सैल पडली आणि त्यांचा तोल मागे गेला. भिंतीवरचा दांडा हाताला लागला म्हणून निभावलं.

"माई!" सून दाराच्या फटीतून आत घुसली. "हे काय चाललंय? दाराला चादर कशाला बांधलीत? पडला असतात ना आत्ता!" तिची नजर टेबलाकडे गेली. बशी जशीच्या तशी. "आणि चहा? सकाळी मी काय भिंतीशी बोलले? हात बघू... गार पडलाय हात. बसा आधी. साखर घालून देते, मग काय ते बोलू."

"नको. इकडे ये. हे टोक धर."

"माई, मला अर्ध्या तासात परत जायचंय!"

"मग भांडत काय बसलीस? धर म्हणते ना."

सुनेनं आयुष्यात सासूचा इतका चढा आवाज ऐकला नव्हता. तिनं गाठ सोडली आणि टोक धरलं.

"असं नाही. कोपरा धर. अंगठा आत घाल."

"धरला. आता?"

"आता काही बोलू नकोस."

"मी कुठे बोलतेय? मी फक्त विचारलं की..."

माईंनी बोट उचललं. सून गप्प झाली. माईंनी डोळे मिटून आधीची कडवी पुटपुटली, मग झटका दिला. सुनेला तो अनपेक्षित होता, तिच्या हातून एक कोपरा निसटला. "अगं बाई!" "राहू दे, पुन्हा." पुन्हा झटका. दोघी एकमेकींकडे चालत आल्या. "उरले ते तुझे, देवा, उरले ते तुझे." माईंनी आपले कोपरे सुनेच्या हातात दिले, दांड्याला धरून वाकल्या, घडीचं टोक उचललं, मागे सरल्या. "दारात उभी मी, धुळीचे पाय माझे." चादर आता निम्मी झाली होती. पुन्हा दोघी जवळ आल्या. "उरले ते तुझे, देवा, उरले ते तुझे."

आणि पुन्हा ताणायची असेल असं वाटून सून मागे सरायला लागली.

"थांब!" माई ओरडल्या. "मागे जाऊ नकोस. सोड."

"काय सोडू?"

"चादर. सगळी माझ्या हातात दे. आणि तिथेच उभी राहा."

सुनेनं चादर सोडली. आता ताणायला काही उरलं नव्हतं, मागे जायला कारण नव्हतं. सगळी चादर माईंच्या छातीशी होती आणि रिकाम्या हातांची सून त्यांच्या अगदी समोर, धापा टाकत, कपाळावर घाम, अंगाला स्पिरिटचा वास. आई अशीच उभी राहायची, दुसऱ्या घडीनंतर. रिकामे हात पुढे करून.

"आता हाक मार," माई म्हणाल्या. "आता आत घे."

सुनेला वाटलं आपल्यालाच सांगताहेत. तिनं तोंड उघडलं, पण माईंचे डोळे मिटलेले होते आणि पुढची कडवी एकामागून एक येत होती, न अडखळता, न थांबता. सून घड्याळाकडे बघत, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी राहिली. शेवटची ओळ संपली तेव्हा माईंनी चादर कपाळाला लावली आणि मटकन पलंगावर बसल्या.

"झाली?"

"झाली."

"मग आ करा." सुनेनं साखरेचा चमचा त्यांच्या तोंडात घातला, गार चहा गॅसवर चढवला आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "आता नीट सांगा, हे काय होतं?"

माईंनी सांगितलं. धुलाईघर, वाफ, आई, घडी. सून कप घेऊन आली, ऐकता ऐकता खाली बसली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला फक्त बसा म्हणून मीच विसरायला लावलं."

"वेडी आहेस का? तू जपलंस."

"जपलं खरं." तिनं डोळ्यांच्या कडा मनगटानं पुसल्या. "पण ते न्हाणीघरात उभं राहून धुणं वगैरे काही चालायचं नाही हं, आधीच सांगते. बसून घड्या घाला, रुमाल पिळा, हवं ते करा. चादरीचं टोक मी धरेन सकाळी, निघायच्या आधी."

"रोज?"

"रोज एवढ्या चादरी आणायच्या कुठून?"

"हीच. उलगडायची आणि पुन्हा घालायची."

सुनेनं कपाळावर हात मारला. "लोक ऐकतील तर म्हणतील दोघींचंही डोकं फिरलंय. बरं. पण माझीही एक अट आहे. ज्या दिवशी मला पहाटेची पाळी असेल, त्या दिवशी चहा आधी. प्रार्थना अर्ध्यात राहिली तर राहिली. संध्याकाळी मी आले की पुढची."

माई पिता पिता थांबल्या. इतक्या वर्षांचा नेम एकीकडे, आणि समोर ही, दाराला चादर बांधून पडता पडता वाचलेल्या सासूकडे डोळे वटारून बघणारी.

"देवाला चालेल का?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी सांगते त्याला."

"तू नको सांगूस. तुला धड हात जोडता येत नाहीत, बोटं वाकडी ठेवतेस."

"मग तुम्ही सांगा. पण सांगा नक्की. मला आत्ता शब्द द्या, मला उशीर होतोय."

माईंनी उरलेला चहा संपवून कप टेबलावर ठेवला. सून दारात एक चप्पल घालून, दुसरी पायानं चाचपत उभी होती. जायला निघालेली आणि उत्तराशिवाय न हलणारी.

"दिला," माई म्हणाल्या. "पहाटेच्या पाळीपुरता. आणि उद्या अंगठा आत घालायला विसरू नकोस."