बारा जणींचं एक कॅलेंडर

आमच्या बाइंडिंगखान्यात आम्ही बारा जणी पुस्तकं शिवायचो. मी त्यांतली सगळ्यांत नवी, लग्नाला जेमतेम चार महिने झालेली. आता सुईत दोरा ओवायला मला नात लागते, पण डोळे मिटले की ते लांब टेबल आणि शिजणाऱ्या खळीचा वास जसाच्या तसा समोर येतो.

कामाची पद्धत ठरलेली होती. आधी एकच नमुना प्रत शिवायची. ती खळमावशी पान अन् पान उलटून बघायची. तिनं मान डोलावली की पुढच्या हजार प्रती डोळे झाकून तशाच शिवायच्या. "एक बरोबर, तर हजार बरोबर," असं ती म्हणायची, आणि तिचा शब्द आम्हाला काळ्या दगडावरची रेघ.

पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवते म्हणून तिचं नाव खळमावशी. तिला दोन मुलं, दोघांत बरोबर पाच वर्षांचं अंतर. मध्ये ना चूक, ना घोर. आमच्यातल्या एकीला चार वर्षांत तीन झालेली. ती एकदा म्हणाली, "मावशी, तुझी युक्ती तरी सांग!" मावशीनं खळीच्या खोलीत दारामागे कॅलेंडर टांगलं आणि स्वतःच्या पाळीवरून मोजून काही तारखांभोवती पेन्सिलीनं गोल काढले. "गोलातले दिवस बिनधोक. बाकीच्या दिवशी नवऱ्याकडे पाठ."

झालं. बारा जणींचं कॅलेंडर एकच. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार कसं? नमुना प्रत मावशीनं पास केली होती ना!

मला तर त्या गोलांची फारच गरज होती. तीन महिन्यांनी शिवणाचं नवं मशीन येणार होतं. ते शिकायला दुसऱ्या गावी दीड महिना कुणाला तरी पाठवायचं होतं, आणि माझे टाके सारखे पडतात म्हणून मॅनेजरसाहेबांनी मला निवडलं होतं. उलट्या होणाऱ्या बाईला ते धाडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी घरी सांगून टाकलं, "वर्षभर मूल नको." आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे धीर अंगात मुरलेला. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की मिस्कीलपणे विचारायचे, "काय, मावशीचे गोल काय म्हणतात?"

मग एके सकाळी आमची कोपऱ्यातली टाकेवाली खळीच्या वासानं बाहेर पळाली. आठवड्यानं दुसरी. महिना संपेतो पाच जणी चिंचा चोखत बसल्या. मॅनेजरसाहेब डोक्याला हात लावून म्हणाले, "अहो, शाळेची पुस्तकं कोण शिवणार? ही काय साथ आलीय का?" आणि त्यांनी जवळच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना बोलावणं धाडलं.

त्या दिवशी माझ्या पाळीला नऊ दिवस वर गेले होते. मी कुणाला बोलले नव्हते. सुई बोटात दोनदा रुतली.

नर्सबाई पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावरच बसल्या. "बोला, दिवस राहू नयेत म्हणून काय काय करता तुम्ही?"

मग काय, बांध फुटला. एक म्हणाली, "मी तर लगेच उठून उड्या मारते."

"उड्यांनी पाय मजबूत होतात. दुसरं काही नाही."

"माझं बाळ वर्षाचं झालं, पण अजून अंगावर पितंय. मला भीती नाही ना?"

"पहिले सहा महिने, बाळ रात्रंदिवस फक्त अंगावर असेल आणि पाळी आली नसेल, तर आधार असतो. वर्षानंतर कसला?"

तिसरी तोऱ्यात म्हणाली, "मी गोळ्या घेते. हे गावाहून येतात त्या दिवशी, न चुकता!"

"आणि बाकीचे दिवस? पुस्तकातली मधली पानं गाळून शिवता का तुम्ही? गोळी रोज घ्यायची."

शेवटी कुणीतरी कॅलेंडर आणून पुढ्यात ठेवलं. नर्सबाईंनी चष्मा वर केला. "कोणाचं हे?"

"सगळ्यांचं," आम्ही एका सुरात म्हणालो.

"सगळ्यांचं? अहो, प्रत्येकीची पाळी वेगळी. एकीच्या मापाच्या चपला बारा जणी घालता का? आणि स्वतःचे दिवस मोजले तरी त्यात चूक होतेच."

खळमावशी लाल झाली. "माझी कशी नाही झाली चूक? वीस वर्षं!"

"तुमचे यजमान काय करतात?"

"बोटीवर स्वयंपाकी आहेत."

"घरी कधी येतात?"

"वर्षाकाठी पंधरा दिवस. कधी तेही नाही."

मग चिंचा चोखणाऱ्यांतली एक म्हणाली, "अगं बाई मावशी! तुला कॅलेंडरनं नाही, बोटीनं राखलं गं!"

आम्ही हसून हसून टेबलावर आडव्या झालो. मॅनेजरसाहेब दारातून डोकावले आणि तसेच मागे फिरले. हसता हसता मी मात्र रडायला लागले.

मावशीच्या ते ध्यानात आलं. तिनं नर्सबाईंना सांगून माझी लघवी तपासायला दिली; चिठ्ठी दोन दिवसांनी मिळणार होती. ती आणायला मावशी खळीचे हात न धुताच माझ्याबरोबर आली. दवाखान्याच्या पायरीवर थांबून म्हणाली, "पोरी, तुझं मशीन माझ्या गोलांपायी गेलं, तर मी खळीला पुन्हा हात लावणार नाही."

नर्सबाईंनी चिठ्ठी वाचली. "काही नाही. काळजीनंही पाळी लांबते. पण आता नशिबावर सोडू नका. काय हवं ते आज घेऊन जा."

मावशीनं मला अशी कवटाळली की पाठीवर दहाही बोटांचे खळीचे ठसे उमटले. घरी ह्यांनी ते पाहिले. म्हणाले, "आज गोल जरा जास्तच काढलेत."

मी गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि दीड महिना मशीन शिकून आले. परतले तेव्हा मावशीनं उरलेल्या कागदाचे बारा छोटे गठ्ठे कापून ठेवले होते. "शिव. तुझ्या मशीनवरचं पहिलं काम." प्रत्येकीच्या तारखांसाठी प्रत्येकीची वही. नर्सबाईंनी बजावलं, "वही आपलं अंग ओळखायला. भरवसा मात्र गोळीवर किंवा निरोधवर." मावशी रोज दुपारी खळीचा पळा हातात घेऊन ओरडायची, "गोळ्या घेतल्या का गं?" आणि सात जणी एका सुरात "हो" म्हणायच्या.

त्या पाच जणींची बाळं एकापाठोपाठ एक आली, आणि टेबलाखाली पाच टोपल्या लागल्या. त्यांना आम्ही गोलातली पोरं म्हणायचो. मॅनेजरसाहेबसुद्धा येता-जाता टोपल्या हलवायचे.

माझी लेक तीन वर्षांनी झाली, आम्ही ठरवली तेव्हा. त्या दिवसाची तारीख वहीत मावशीनं स्वतः लिहिली. भोवती गोल काढायला पेन्सिल उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि हसत खाली ठेवली.