शिवेवरची जीप

माहे भासरे उकंडराव म्हंजे गावचे शहाने. माजी सरपंच. पारावर बसून पेपर वाचतात, म्हंजे पानं उलटवतात. मी त्याहीच्या धाकट्या भावाची बायको, सिंधू. आमच्या घरची रीत अशी, का भासऱ्याम्होरं पदर ढळू द्याचा नाई अन् तोंड उघडाचं नाई. लग्न झाल्यापासून या मानसाचे गपोडे मी मुक्यानं ऐकले. आता मातर सांगते.

दुसऱ्या साली कोरोना आला तो निराळाच व्हता. पहिल्या साली जवळच्या बीबी गावच्या बाजारापर्यंत येऊन परतला व्हता. हा डेल्टा का फेल्टा, एका घरात शिरला का सगळ्याहीले आडवं करे. टीव्हीवर सांगत, लस घ्या. उकंडराव पारावर सांगत, "सुईत नुसतं पानी हाय बे. अन् घेतली का दोन वर्सात मानूस खलास." नुसतं पानी हाय तं मानूस खलास कसा होते, हे इचाराची अक्कल त्या पारावर एकालेही नव्हती. माना मातर सगळे हलवत. मार्चात स्वारी शेगावले जाऊन आली, कापसाच्या कामानं म्हने, अन् दोन दिवस दंड चोळत बसली. यष्टीत दांडा लागला, असं घरात सांगतलं.

त्याहीची बायको वच्छलाबाई, माही मोठी जाऊ, मी तिले बाईच म्हनो. तिले साखरेचा आजार, चार पावलं चालली का दम लागे. तिले लस घ्याची व्हती. मले म्हने, "सिंधू, मले एवढ्यात मराचं नाई वं. छकुलीचं लगन पाहाचं हाय." छकुली तिची नात. लसीची जीप येनार असं आशाताईनं सांगतलं, तवाच हिनं झंपरच्या बाहीची शिवन उसवून ठेवली. दंड जाड, बाही वर सरकत नाई म्हून.

अन् नेमका तवाच उकंडरावाले मरीमायचा गाडा काढाचा झटका आला. रोग गाड्यात बसवाचा, वाजतगाजत शिवेबाहेर सोडाचा, अन् मंग पाच दिवस बाहेरचं कोनी गावात घ्याचं नाई, ही जुनी चाल. सारं गाव गाड्याले लोंबकळलं. घाम, गुलाल, खोकला, सगळं एकामेकाच्या तोंडावर. रोग शिवेबाहेर गेला म्हने! अरे, तुमच्याच खांद्यावर बसून तो घरोघरी गेला.

दुसऱ्या दिवशी जीप आली. उकंडराव शिवेवर आडवे. "बाहेरचं चाक आत आलं तं गाडा बाटते. परत न्या." नर्सबाई हात जोडून म्हने, "आबा, आम्ही शिवेबाहेरच बसतो, लोकाहीले इकडं पाठवा." तरी नाई. वच्छलाबाई तेवढ्यात वाटेवर येऊन उभी राह्यली व्हती. हे तिच्यावर वरडले, "घरी हो! मरीमायपेक्षा सुई मोठी झाली काय वं तुले?" ती परतली. जीपही परतली.

मंग काय, गल्लीगल्लीत खोकला. पारावरचा निवृत्ती गेला, शेजारच्या हरिओमची माय गेली. वच्छलाबाईले दम लागला तवा तिच्या पोरानं, गोविंदानं, तिले गाडीत घालून बीबी, लोनार, बुलढाना केलं. खाट भेटली तवा तिच्यात काही उरलं नव्हतं. चेहरासुद्धा पाहाले भेटला नाई आम्हाले. उकंडरावालेही ताप आला, थोडं नाक गळलं, अन् हे पुन्हा पारावर हजर. "मरीमायनं मले राखलं," म्हने. लोकं पाया पडले. पडतीनच. म्होरं पाय दिसले का आमच्या गावाले वाकाची सवयच हाय.

पेरनीच्या टायमाले जीप पुन्हा आली. आता कोनी आडवं झालं नाई. शाळेत रांग लागली, अन् रांगेत सगळ्याच्या म्होरं कोन? उकंडराव! "गावाले धीर आला पाह्यजे म्हून मी आधी घेतो," म्हने. त्याहीच्या मांगं गोविंदा, अन् त्याच्या मांगं मी.

नर्सबाईनं इचारलं, "आबा, पहिला डोस का दुसरा?"

ते वाकून काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा. चुकलं तं माह्यावर येईन."

"दुसरा."

आमच्या गावात पहिलाच कोनाले भेटला नव्हता.

"पहिला कुठं घेतला?"

"शेगावले. मार्चात."

डोक्यावरचा पदर मी खाली टाकला. "भाऊजी," मी म्हनलं, पार शेवटच्या मानसाले ऐकू जाईन असं, "मंग बाईले काऊन नाई नेलं?"

त्याहीनं वळून पाह्यलं नाई. "तिच्या पोटात गोष्ट राहत नव्हती," म्हने. "गावभर झालं असतं."

नर्सबाई सुई घेऊन उभी. "आबा, बाही वर करा." इस्त्रीचा सदरा, बाही काही सरकेना. "कोनी मदत करा बरं त्याहीले," ती म्हनली. गोविंदा अगदी मांगंच उभा व्हता. त्यानं दोन्ही हात खिशात घातले.

मी म्हनलं, "आमच्या बाईनं घरूनच उसवून आनली व्हती."