जळक्या मेंडोलिनची निळसर पट्टी

पन्नास ग्रॅम धुण्याचा सोडा.

मनगटाजवळची दोन हाडं. एक अखंड, एक मोडलेलं.

सायकलच्या दुकानातली सुलोचनची ट्यूब, शेपटीकडून गुंडाळत आणलेली.

फेब्रुवारी १९८०. सूर्याला ग्रहण.

जाड तपकिरी प्लास्टिकचा एक तुकडा. तो हरला.

"गॅदरिंगला वाजव, पण ते झाकून आण."

मित्रांनो, मी एक जुनी एक्स-रे फिल्म आहे. वरच्या सगळ्या गोष्टी माझ्याच आहेत. मला कात्रीने कापलेलं आहे, म्हणून माझी गोष्टही सलग नाही. पण घाबरू नका, तुकडे मी ओळीने लावून देते. शेवटचा एक तुकडा मात्र मला हवा तिथे ठेवणार आहे.

माझा जन्म ऑगस्ट १९७८ मध्ये परभणीच्या एका दवाखान्यात झाला. त्या वर्षी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं ठरलं आणि त्या रागात गावोगावी बौद्ध वस्त्या जाळल्या गेल्या. सोनपेठकडच्या एका खेड्यात सूर्यभान यांचं घर जळलं. सूर्यभान सायकली दुरुस्त करायचे आणि भीमगीतांच्या गायन पार्टीत मेंडोलिन वाजवायचे. त्या दिवशी ते परगावी होते. त्यांच्या पत्नी बायनाबाई यांनी आठ वर्षांच्या सत्यशीलाला बाहेर काढलं, पुन्हा आत गेल्या आणि खुंटीवरचं मेंडोलिन घेऊन आल्या. येताना छपराचं लाकूड त्यांच्या डाव्या हातावर पडलं. मेंडोलिनच्या पोटावर, आवाजाच्या भोकाशेजारी, तळहाताएवढा काळा डाग पडला.

मी म्हणजे त्या डाव्या हाताचा फोटो. कंपाउंडरने माझ्या कोपऱ्यात सुईने खोल ओरखडून लिहिलं: बायनाबाई सूर्यभान, डावा हात. खाली तारीख. त्याची सुई फार जोरात दाबलेली होती. हे लक्षात ठेवा.

हाड जुळलं, जरा वाकडं. घर सोनपेठला आलं. शाळेच्या फाटकासमोर सूर्यभान यांनी पंक्चरचं दुकान टाकलं. त्यांनी मेंडोलिनला पुन्हा हात लावला नाही.

ग्रहणाच्या दिवशी सगळी गल्ली दारं लावून आत बसली. बायनाबाई मला घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. "आत या की," शेजारच्या तानुबाई फटीतून ओरडल्या, "बघू न्हाई म्हनत्यात!"

"जळतं घर बघितलंय मी," बायनाबाई म्हणाल्या. "ह्याला काय भ्यायचं?"

आपल्याच हाडांतून त्यांनी सूर्याकडे पाहिलं. मित्रांनो, तुम्ही असं करू नका. डोळे वाचवणं मला जमत नाही. मला दुसरं काम जमतं, ते पुढे येईल.

त्यानंतर चार वर्षं मी पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांखाली. माझी आठवणही कोणी काढली नाही.

तोवर सत्यशीला आठवीत गेली होती आणि मेंडोलिन तिने खुंटीवरून काढलं होतं. ती दुकानात बसून जोरात वाजवायची. तार छेडायची तिची नखी निसटून डागावर आपटायची. जळकं लाकूड खपलीसारखं निघायचं आणि बोटं काळी व्हायची. नखी लागते तिथे लाकडावर एक पट्टी हवी, नाहीतर दोन वर्षांत भोक पडेल, हे सूर्यभान यांनी लांबूनच ओळखलं.

मुख्याध्यापक दिनकरराव रोज फाटकातून तिचं वाजवणं ऐकत. एकदा ते दुकानाशी थांबले. "गॅदरिंगला वाजव. पण पाहुणे येणार आहेत. तो जळका डाग झाकून आण. जुनं कशाला उकरायचं?"

सूर्यभान यांना ते पटलं. परभणीला जाऊन हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या मुंजाजी मिस्त्रींकडून ते तपकिरी प्लास्टिक घेऊन आले.

"मुंजाजी म्हनला, डाग हाय का न्हाई, कुनाला कळायचं बी न्हाई."

"मला कळंल की," सत्यशीला म्हणाली.

"तुला वाजवायचंय का भांडायचंय?"

"दोन्ही."

"ऐकलंस का गं?" सूर्यभान चुलीकडे वळले. "तुझी जीभ हिच्या तोंडात आली."

"माझी माझ्याकडंच हाय," बायनाबाई म्हणाल्या. "तिची तिनं आणली."

सत्यशीलाने प्लास्टिक डागावर ठेवलं, दोऱ्याने बांधलं आणि वाजवून पाहिलं. आवाज दबला. "नाकातून बोलायलंय हे," ती म्हणाली.

तेव्हा पेटी उघडली. बायनाबाईंनी मला काढून खाटेवर त्या तपकिरी तुकड्याशेजारी ठेवलं. "हे पातळ हाय. धुतलं की आरपार दिसतंय. तानुबाईनं तिच्या खिडकीला लावलंय."

"अगं, तुझा हात हाय तो!"

"हात इथं हाय." त्यांनी वाकडं मनगट वर केलं. "त्याचा फोटो कशाला जपायचा?"

"मग डाग दिसंल."

"दिसू द्या, आबा," सत्यशीला म्हणाली.

"सर वाजवू देनार न्हाईत. लय मुश्किलीनं तुजं नाव लागलंय."

मित्रांनो, त्यांना भित्रे समजू नका. ज्या गावाने घर जाळलं, त्या गावच्या सायकली त्यांच्या दुकानात येत होत्या. रोज मान खाली घालून ते त्यांत हवा भरत होते. पोरीने तरी मान वर करून वाजवावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी थोडं झाकलं तर काय बिघडलं, असं त्यांना वाटत होतं.

पण बायनाबाईंनी पाणी तापत ठेवलं होतं.

सोड्याच्या कढत पाण्यात माझं काळं सुटलं. हाडं गेली. मोडलेलंही गेलं. मी संपले असं मला वाटलं. मग सत्यशीलाने मला उजेडात धरलं आणि म्हणाली, "माय, ही तर निळी हाय!" माझ्या अंगातच फिकट निळं होतं, काळ्याखाली दिसत नव्हतं. आणि कोपऱ्यात ओरखडा तसाच होता. काळं धुतलं जातं, सुईने खोल ओरखडलेलं जात नाही.

तिने मेंडोलिनवर कागद ठेवून डागाचा आकार पेन्सिलीने उतरवला आणि त्या मापाने मला कापलं.

"आण इकडं," सूर्यभान म्हणाले. "चिकटवायचं काम माझं."

आता पंक्चरवाल्याचा हात कसा चालतो ते सांगते. ट्यूबला ठिगळ लावायचं तर आधी कानशीने घासायचं, खरखरीत करायचं, मग चिकटवायचं सुलोचन लावायचं. सूर्यभान यांनी मला मांडीवर घेतलं आणि कानस चालवली. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. माझ्यात धुकं भरलं, आरपार दिसेना.

"आबा! ही ट्यूब न्हाई!"

ते कानशीकडे पाहत राहिले. "हाताची सवय गं."

मी त्या हाताखाली होते. पहिले दोन फटकारे सवयीचे होते. पुढच्या दोनांचं मला सांगता येत नाही.

घासलेला तुकडा वाया गेला. उरलेल्या फिल्ममध्ये डागाएवढी जागा एकाच ठिकाणी होती, नावाच्या कोपऱ्यात.

"ह्यात नाव येतंय," सूर्यभान हळू आवाजात म्हणाले.

"येऊ द्या," बायनाबाई म्हणाल्या. "माझं नाव कंदी शाळंत गेलं न्हाई. जाऊ द्या की आता."

सत्यशीलाने तो कोपरा कापून सूर्यभान यांच्या हाती दिला. कानस त्यांनी लांब सरकवली. काडीने फक्त माझ्या काठाला सुलोचन लावलं, ट्यूबवर मारतात तशी फुंकर मारली आणि अंगठ्याने मला बराच वेळ दाबून धरलं. त्या दिवसापासून मी पट्टी झाले.

गॅदरिंग दुपारी, शाळेच्या मैदानात होतं. दिनकररावांनी मेंडोलिन पाहिलं.

"झाकून आण म्हटलं होतं ना?"

"पट्टी बसवली की, सर."

"अगं, आतलं सगळं दिसतंय!"

"दिसावं म्हणूनच, सर."

"आणि हे नाव कुणाचं?"

"मायचं."

त्यांनी घाम पुसला. "असं कर, पडद्यामागं बसून वाजव. आवाज तर पोचेलच."

सत्यशीलाने खुर्ची उचलली. पण ती पडद्यामागे गेली नाही. तिने ती थेट स्टेजच्या कडेला आणून ठेवली, जिथे ऊन होतं. ऊन माझ्यावर पडलं आणि डाग निळ्या पाण्यातल्या दगडासारखा लख्ख दिसला. पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्याने विचारलं, "काय लिहिलंय गं त्यावर?"

तिने मोठ्याने वाचलं. "बायनाबाई सूर्यभान, डावा हात. ऑगस्ट अठ्ठ्याहत्तर."

दिनकरराव पायरी चढू लागले. तेवढ्यात फाटकातून आवाज आला. तिथे सूर्यभान उभे होते, हात काळे, मान वर.

"वाजव गं!"

दिनकररावांचा पाय पायरीवर थांबला. सत्यशीला वाजवू लागली. काही लोक उठून गेले. बाकीचे बसून राहिले. तिची नखी माझ्यावर आपटत होती, मी मार खात होते आणि खाली डाग शाबूत होता. मला जमणारं काम ते हेच.

पुढच्या वर्षी यादीत तिचं नाव नव्हतं. तिने गॅदरिंगच्या वेळीच समोर पंक्चरच्या दुकानातल्या बाकावर बसून वाजवलं. शेजारी सूर्यभान ताल धरून बसले. मैदानात सगळं ऐकू येत होतं.

जानेवारी १९९४ मध्ये विद्यापीठाला ते नाव मिळालं. तेव्हाही ती वाजवत होती, आणि मी तिथेच होते.

आता माझे काठ पिवळे पडलेत. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी पट्टी असेल तर तिला कोरड्या फडक्याने पुसा. काठ सुटला तर चिकटवा. आधी घासू नका. आणि खालचा डाग रंगवायला कोणी आलं, तर त्याला परत पाठवा.

दवाखान्यात हाताचा फोटो काढताना बायनाबाईंनी डावा हात टेबलावर ठेवला होता. उजव्या हातात मेंडोलिन होतं, आणि खाली ठेवा असं दोनदा सांगूनही त्यांनी ते ठेवलं नव्हतं.