मोरीपाशी गप्प होणारा अ‍ॅक्सिलरेटर

मी एक जुना अ‍ॅक्सिलरेटर आहे, मित्रांनो. मोटारीत चालकाच्या उजव्या पायाखाली असतो, तो. सध्या माझा मुक्काम सातपूरच्या एका गॅरेजात, फळीवर आहे. इथे मला कोणी दाबत नाही. खरं सांगू? मला तेच बरं वाटतं.

पूर्वीच्या अ‍ॅक्सिलरेटरला पोलादी तार असायची. पाय दाबला की तार ओढली जायची आणि इंजिनात हवा शिरायची. सरळ काम होतं. मला तार नाही. माझ्या पोटात दोन इवलेसे सेन्सर आहेत. पाय किती दाबला हे दोघं वेगवेगळं मोजतात आणि वायरीतून इंजिनाजवळच्या एका काळ्या पेटीला कळवतात. दोघांचं म्हणणं जुळलं तर पेटी हवेचं दार उघडते. नाही जुळलं तर थबकते. त्या पेटीला मी जन्मात पाहिलेलं नाही. मी फक्त सांगायचं, ठरवायचं तिने. पाय आणि इंजिन यांच्यात अशी एक रिकामी जागा आहे. तिथे काय चालतं ते मलाही कधी धड कळलं नाही.

अंबडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. काही अ‍ॅक्सिलरेटर वरून लोंबतात, मला मात्र मोटारीच्या तळाशी बसवलं. ती पांढरी मोटार मखमलाबादच्या हिरामणरावांनी घेतली. त्यांचा फुलांचा मळा होता, झेंडू आणि शेवंतीचा. हिरामणरावांचा गुडघा कामातून गेला, तेव्हा त्यांच्या पत्नी छायाबाई गाडी शिकल्या. गाडीला क्लच नव्हता, गिअर आपोआप बदलायचे. मागची सीट काढून तिथे फुलांचे गठ्ठे रचायचे आणि सकाळी त्र्यंबकेश्वरच्या दुकानांत पोचवायचे, हे त्यांचं रोजचं काम झालं.

छायाबाईंचा पाय मी कधी विसरणार नाही. हलका, पण ठाम. त्यांनी मला कधी लाथ मारल्यासारखं दाबलं नाही. "लय गुणाची गाडी हाय," असं त्या दुकानदारांना सांगायच्या, आणि मी मनातल्या मनात फुगायचो. चार वर्षं अशी मजेत गेली.

मग ती मोरी आली. म्हणजे ती तिथे आधीपासूनच होती, अंजनेरी फाट्याच्या अलीकडे. रस्ता खाली उतरतो, ओढ्यावरची मोरी ओलांडतो आणि लगेच वर चढतो. मार्गशीर्षातली सकाळ होती, धुकं होतं. मोरी ओलांडून छायाबाईंनी मला दाबलं आणि काहीच झालं नाही. पाय दाबलेला, इंजिन गप्प. मागून एक बस हॉर्न वाजवत अंगावर आली आणि अगदी काठाने निघून गेली. मग कोणीतरी झोपेतून उठावं तशी गाडी चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, त्याच जागी. तिसऱ्या दिवशीही. नवल म्हणजे परत येताना गाडी त्याच मोरीवरून सुरळीत जायची. जाताना फुलं असायची, येताना गाडी रिकामी. छायाबाईंनी ही गोष्ट घरी सांगितली आणि त्यांच्या सासूबाई वत्सलाबाई एकदम गंभीर झाल्या.

"फुलं न्हेताना धरतीय आन मोकळी येताना सोडतीय," त्या म्हणाल्या. "तिथं कोनीतरी हाय. तिला फुलं पायजेल."

मित्रांनो, त्या बोलल्या आणि माझ्याही अंगावर काटा आला. मला तरी कुठे माहीत होतं मी का गप्प होतो ते?

वत्सलाबाईंनी उपाय सुरू केला. दर अमावास्येला त्या स्वतः गाडीतून यायच्या. मोरीपाशी गाडी थांबवून कठड्याला झेंडूची माळ घालायच्या आणि नारळ फोडायच्या. नारळाचं पाणी चाकांवर, स्टिअरिंगवर आणि शेवटी माझ्यावर. "ह्याच्यावरच तर गाडी चालती," असं म्हणत त्या उरलेलं सगळं पाणी माझ्यावर रिकामं करायच्या. ते माझ्या बुडाशी उतरायचं, तिथेच वाळायचं. मी मात्र बरा व्हायच्या ऐवजी आणखी बिघडत गेलो.

पाचव्या अमावास्येला घात झाला.

नारळ फुटला. पाणी माझ्यावर पडलं. मग वत्सलाबाई पुढे गेल्या आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायला वाकल्या. लिंबू चिरडूनच गाडी निघाली पाहिजे, म्हणून इंजिन चालू होतं, गिअर पडलेला होता. छायाबाईंचा पाय हलकेच ब्रेकवर टेकलेला होता. माझ्यावर कोणीच नव्हतं.

आणि तेवढ्यात माझ्यावर पाय पडला. थंडगार, ओला, अनवाणी पाय. मला तो स्पष्ट जाणवला. माझ्या दोन्ही सेन्सरांना जाणवला. आजवर त्यांचं भांडण व्हायचं म्हणून पेटी थबकायची. त्या दिवशी दोघं एकाच वेळी एकच गोष्ट बोलले, आणि पेटीने त्यांच्यावर विश्वास ठेवला.

इंजिन किंचाळलं. गाडी हातभर पुढे उसळली. छायाबाईंनी ब्रेकवरचा पाय जिवाच्या आकांताने आणखी दाबला. गाडी थांबली, पण बंपरचा धक्का वत्सलाबाईंच्या खांद्याला लागला होता. त्या रस्त्यावर कोलमडल्या, हात सोलवटला.

"तू पाय दिलास!" त्या ओरडल्या.

"आत्याबाई, देवाशपथ, माझा पाय ब्रेकवर व्हता."

"मंग दाबलं कोनी?"

 छायाबाई स्वतःच्या पायाकडे बघत राहिल्या. उत्तर माझ्याकडे होतं, आणि मला तोंड नव्हतं.

घरी हिरामणरावांनी किल्ली काढून घेतली.  गावात दोन दिवसांत बोभाटा झाला, सुनेने सासूवर गाडी घातली. जिने घर ओढलं तिच्याकडे बायका आता तिरक्या नजरेने बघू लागल्या. गाडीवर ताडपत्री पडली. आत सडक्या फुलांचा वास कोंडला.

दुपारी घर निजलं की छायाबाई ताडपत्री सारून आत बसायच्या. इंजिन बंद. त्या पाय ब्रेकवर ठेवायच्या, मग माझ्यावर, मग पुन्हा ब्रेकवर. "हितंच व्हता ना?" असं स्वतःशीच पुटपुटायच्या. पहिल्या आठवड्यात त्या ते ठासून म्हणायच्या. महिन्याभराने त्या खरंच विचारू लागल्या. त्या पायातला ठामपणा मी माझ्या अंगावर विरताना अनुभवला. त्याहून मोठं दुःख मला आयुष्यात झालं नाही.

शेवटी एके दिवशी त्या ताडकन उठल्या आणि त्यांनी गॅरेजवाल्या योगेशला फोन केला. "माझा पाय खोटा का गाडी खोटी, येवढं सांगा," म्हणाल्या. गाडी ओढून सातपूरला आणली. वत्सलाबाईही हट्टाने सोबत आल्या.

योगेशने पायाखालची मॅट उचलली. खाली कुजलेल्या पाकळ्यांचा चिखल होता. "वहिनी, फुलं भिजवून नेता ना तुम्ही? गाडी उताराला लागली की मागचं पाणी सगळं पुढं येतंय. मोरीपाशी नेमकं इथं साठतं. येताना फुलं नसतात, मग पाणी कुठून येणार?" त्याने मला सोडवून उलटं केलं. चार वर्षांच्या ओलीने माझ्या वायर जोडायच्या पिना गंजून हिरव्या पडल्या होत्या. त्याने वास घेतला. "आणि हे चिकट काय आहे? नारळपाणी?"

वत्सलाबाई भिंतीकडे बघू लागल्या.

योगेशने मला पुन्हा वायर जोडली, टेबलावर ठेवलं आणि तपासणीचं यंत्र लावलं. पाय किती दाबला तो आकडा पडद्यावर शून्य होता. त्याने माझ्या बुडाशी थोडं पाणी शिंपडलं. मला पुन्हा तो पाय जाणवला, तोच थंड, ओला, अनवाणी. पडद्यावरचा आकडा हलला. दहा. बावीस. चाळीस.

"आजी, बघा. कोणाचा पाय आहे का याच्यावर? नुसतं पाणी आहे."

आकडा चढत राहिला. वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावला. 

माझ्या जागी नवा अ‍ॅक्सिलरेटर बसला. त्याच्याभोवती योगेशने पाणी अडवणारी पट्टी लावली, मागे फुलांखाली प्लास्टिकचा मोठा ट्रे टाकला. मग त्याने किल्ली छायाबाईंपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला. "मला नाय जमायचं आता," म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी कितीतरी यंत्रं असतील. ती अडखळली तर आधी त्यांचं पोट उघडून बघा, ओल पुसा, जाणत्याला दाखवा. वापरणाऱ्या माणसावर आळ घ्यायची घाई करू नका. यंत्राला नवा भाग मिळतो. माझ्या छायाबाईंना तो कुठून आणायचा?

  तेवढ्यात वत्सलाबाई उठल्या. त्यांनी किल्ली घेतली, सुनेच्या मुठीत कोंबली आणि गाडीच्या पुढे जाऊन बंपरला टेकून उभ्या राहिल्या.

"चालू कर. गिअर टाक."

"आत्याबाई, बाजूला व्हा ना!"

"नाय व्हनार. तुझा पाय ब्रेकवर व्हता, पोरी. आजबी ऱ्हाईल."

एवढं बोलून त्या वळल्या आणि गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. छायाबाई आत बसल्या, इंजिन सुरू झालं. फळीवरून मला उघड्या दारातून छायाबाईंचा पाय दिसत होता. तो ब्रेकवरून हलला नाही.