गाण्याआधीचं बोलणं

ते गाणं कोणाला येत नाही? नाचायला उभं राहिलं की तेच, भांडी घासताना तेच. पण लोकांच्या तोंडी आहे ते झपाझप चालीचं. ते गाणाऱ्या ताईनेच ते एकदा संथ चालीतही म्हटलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक. रेकॉर्ड कंपनीने ते रडकं म्हणून बाजूला टाकलं. त्याची एकुलती एक टेप ताईच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे मावशीच्या, कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली पडून होती. ताई गेली तेव्हा तिची मुलगी पाळण्यात. मावशीने तिला वाढवलं, लोकांचे कपडे आखूड-लांब करून देता देता.

या मुलीने आईचा गाता आवाज रेडिओवर हजारदा ऐकला. बोलता आवाज कधीच नाही.

"आई बोलायची कशी गं?"

"माझ्यासारखीच. जरा ठसक्यात."

"आणि माझ्याशी?"

"तुझ्यावर तर भारी जीव तिचा," सुईत दोरा ओवता ओवता मावशी सांगायची. खरं म्हणजे ताईने पोरीला धड मांडीवर घेतलेलं तिने पाहिलं नव्हतं. आजारी माणूस, चालायचंच, अशी मावशीने मनाची समजूत घातली होती.

पुढे भाचीही गाऊ लागली. जुन्या गाण्यांचे रीमिक्स करणारा एकजण होता, सगळे त्याला कात्री म्हणत. त्याने बेत आखला: संथ गाण्यातला आईचा आवाज वेगळा काढायचा, खाली नवा ताल टाकायचा, मधल्या ओळी लेकीने म्हणायच्या.

टेप हातात घेऊन तो म्हणाला, "जुने लोक टेप आधीच फिरवायला लागायचे. गाण्याच्या अगोदर दोन शब्द हमखास सापडतात."

भाचीने त्याचा हात धरला. "मला ते दोन शब्द दे. गाण्याचं काय करायचं ते कर."

जुन्या टेपवरचा आवाजाचा थर चिकट होतो. मंद आचेवर बराच वेळ शेकली, तरच ती धड वाजते.

"बिस्किटं आहेत का रे ती?" मावशी म्हणाली.

"बिस्किटं करपली तर दुसरी मिळतात, मावशी."

असं बोलला खरा, पण घाईचा माणूस. टेप पुरती शेकायच्या आत त्याने बाहेर काढली.

भाची काचेपलीकडच्या गाण्याच्या खोलीत माईकसमोर उभी राहिली. अलीकडे कात्री आणि मावशी, दोघांच्या कानांवर हेडफोन. टेप फिरू लागली. आधी खरखर. मग तान्ह्या पोराचं रडणं. मावशी सावरून बसली. आणि मग ताई, अगदी शेजारी उभी असल्यासारखी:

"हिला कोणी आत आणलं? न्या हो बाहेर. हिच्यापायी तर श्वास पुरत नाही मला. नको होती म्हणून सांगत होते, ऐकलं कोणी?"

कोणीतरी हसलं. दार लागलं. रडणं थांबलं आणि गाणं सुरू झालं.

काचेपलीकडे भाची कानाकडे बोट दाखवून खुणावत होती, काही ऐकू येत नाही म्हणून. तिच्या हेडफोनचं बटण कात्रीने अजून लावलंच नव्हतं.

गाणं संपेपर्यंत वाजलं. टेप मागे फिरवल्यावर कात्रीचा चेहरा उतरला. यंत्राच्या तोंडाशी टेपवरून निघालेल्या थराची तपकिरी भुकटी साचली होती, आणि सुरुवातीची टेप काचेसारखी आरपार दिसत होती.

"गाणं मिळालं," तो म्हणाला. "पण रेकॉर्डिंग मी गाण्यापासून सुरू केलं. त्याआधीचं नुसतं आवाजाची पातळी जुळवायला लावलं होतं. सवयच तशी. बोलणं गेलं."

भाची धावत आत येत होती, तिने शेवटचे शब्द ऐकले. "गेलं म्हणजे? मावशी, तू ऐकलंस ना? काचेतून बघत होते मी, तू रडत होतीस. काय म्हणाली आई?"

कात्री खाली मान घालून यंत्र पुसू लागला.

"सांग ना गं!"

"म्हणाली," मावशीने पदर ओठांना लावला, "असू द्या तिला इथंच. ती ऐकत असली की मला बरं गाता येतं."

भाची मटकन खाली बसली आणि तोंड उघडं टाकून लहान पोरासारखी रडली. कात्रीने एकदा मावशीकडे पाहिलं आणि तो पुन्हा यंत्र पुसायला लागला.

डोळे पुसून झाल्यावर भाची म्हणाली, "हे गाण्याआधी पाहिजे."

"अगं, पण उरलंय कुठे?" कात्री म्हणाला.

"मावशी म्हणेल. एका कुशीतले आवाज. वर जुनी खरखर चढव, कोणाला कळणार आहे?"

"खोटं होईल गं ते," मावशी म्हणाली.

"खोटं कसं? शब्द तर आईचेच ना?"

भाचीने तिला हाताला धरून काचेपलीकडे नेलं, माईक तिच्या उंचीला आणला आणि पदर नीट करून दिला. आपण बाहेर येऊन काचेला नाक लावून उभी राहिली.

पहिल्यांदा मावशी अर्ध्यावरच अडखळली. दुसऱ्यांदा शब्द नीट आले, थेट ताईच्या ठसक्यात. भाचीने दोन्ही हात तोंडावर धरले.

हेडफोनमधून मावशीच्या कानात कात्रीचा आवाज आला, अगदी हळू. "आवाज बरोबर आहे, मावशी. पण जरा हसून म्हणा. आई आहे ना ती."

मावशीने चेहऱ्यावर हसू आणलं आणि पुन्हा म्हटलं.