एकट्याने उघडलेलं इंजिन

मॅट्रिक होऊनही मुरारी मुंबईला गेला नाही, याचं वाडीत कुणालाच कौतुक नव्हतं. बाकीची पोरं काका-मामांच्या ओळखीने कापड गिरण्यांत चिकटली, आणि हा महाडला इंजिनं दुरुस्त करणाऱ्या सयाजी मिस्त्रींकडे दोन वर्षं उमेदवारी करत राहिला. शेवटी वडिलांनी मुदत घातली. दसऱ्यापर्यंत मिस्त्रींनी कारागीर म्हणून घेतलं तर ठीक, नाहीतर सुट्टीवर आलेल्या चांगूकाकाबरोबर मुंबई.

मिस्त्रींचा नियम साधा होता. जो एकट्याने इंजिन उघडेल, पुन्हा जोडेल आणि चालू करून दाखवेल, तो कारागीर. मुरारीला तशी संधी मिळाली नव्हती, आणि दसरा तर होऊन गेला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीजवळच्या पोलादपूरहून बयाबाईंच्या भातगिरणीचा निरोप आला की इंजिन चालू होत नाही. मिस्त्री तापाने फणफणले होते.

"तूच जा," ते पांघरुणातून म्हणाले. "पण दोष काय ते तोंडाने सांगता येईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही."

गिरणीच्या अंगणात भाताची पोती लागली होती आणि त्यांवर बायका बसल्या होत्या. चांगूकाकाही आपलं पोतं घेऊन हजर होता.

"मिस्तरी कुठं हाय रे? का नुसता पाना धाडलान?" काका म्हणाला. बायका हसल्या. "उद्या सकाळची गाडी हाय, ध्यानात ठेव."

बयाबाई काळजीत होत्या. "खंडेनवमीला धुतलं, पुसलं, पुजलं. तवापासून रुसलंय बघ."

मुरारीने हँडल फिरवलं. एरवी पिस्टन वर येताना कोंडलेली हवा हाताला अडवते. आज चाक रिकाम्या पाळण्यासारखं फिरलं. म्हणजे हवा कोंडतच नव्हती, कुठून तरी निसटत होती.

"काका, जरा चाक फिरवा. आणि बाकीचे गप्प बसा."

काका कुरकुरत फिरवू लागला. मुरारीने धुराच्या नळीला कान लावला. काही नाही. खाली तेलाच्या टाकीपाशी लावला. तिथेही काही नाही. हवा आत घेणाऱ्या नळीपाशी मात्र दर फेऱ्याला फुस्स असा आवाज आला.

"हवेचा व्हॉल्व बसत नाय," तो उठून म्हणाला. "त्यात कायतरी अडकलंय."

मग त्याने पाना उचलला. एकेक नट काढून क्रमाने गोणपाटावर मांडला, वरचं जड झाकण उतरवलं आणि व्हॉल्व दाबला. कडेला चपटा झालेला तांदळाचा एक दाणा चिकटला होता, कुंकवाने लाल. पिस्टनवर आणखी तीन होते. त्याने चारही दाणे तळहातावर घेऊन दाखवले.

बयाबाईंनी पदर तोंडाला लावला. "हवा गाळायच्या जाळीचा डबा धुवायला काढला व्हता. नळीचं तोंड उघडं दिसलं. म्हटलं, देवाच्या मुखात चार अक्षता पडू देत."

"देवाला पचल्या नाय गो," एक म्हातारी म्हणाली, आणि अख्खं अंगण हसलं.

सगळं पुसून मुरारीने झाकण बसवलं. तो समोरासमोरचे नट आवळू लागला तसा काका म्हणाला, "एका कडेनं आवळ की सरळ."

"तसं केलं तर तिरपं बसंल काका. मग पुन्हा हवा जाईल."

शेवटचा नट आवळून झाला तसा काका आपणहून हँडलपाशी आला. दोघांनी मिळून हँडल फिरवलं. चाक जड झालं, हात अडला. मग हवा मोकळी करणारी वरची कळ उचलून त्यांनी चाकाला वेग दिला, मुरारीने कळ सोडली, आणि इंजिन एकदा खोकून टुकटुक चालू लागलं. पट्टा चढला, पहिला पांढरा तांदूळ सुपात पडला. बयाबाईंनी चहा आणला तो "घ्या मिस्तरी" म्हणत.

संध्याकाळी महाडला सयाजी मिस्त्रींनी उठून बसत सगळं ऐकून घेतलं.

"आधी कान लावलास की पाना?"

"कान."

"उद्या डोंगराकडची एक गिरणी बघायची आहे," मिस्त्री म्हणाले. "कारागीर म्हणून तू जा. आणि सोबत नवा उमेदवार ने, त्याला कान लावायला शिकव."

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गाडीत काका एकटाच होता. महाडच्या स्टँडवर शेजारच्या माणसाला तो सांगत होता की आमच्या घरात एक मिस्त्री झालाय, इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगतो.