गोठ्यातली हिरवी बाई

शेजारची भागूबाई बाळाला बघायला वालचंदनगरला, माझ्या माहेरी आली. तिनं टोपडं दिलं, दृष्ट काढली आणि चहाचा घोट घेत म्हणाली, "राजलक्ष्मे, तिकडं पिंपळीत तुझ्या गोठ्यात रोज दिस मावळताना एक बाई शिरती. हिरवी साडी, नाकापतोर पदर. धिप्पाड हाय हां!"

"कोण?"

"त्वांड कुठं दिसतंय? त्यात लाईट न्हाय. बांगड्या तेवढ्या वाजत्यात."

घरी नवरा रामहरी आणि रंभा म्हैस, दोघंच. दुसऱ्याच दिवशी आईला न जुमानता मी एसटी धरली. बारामती येईपर्यंत गावातल्या सगळ्या बायका मनात रांगेनं उभ्या केल्या. एकही धिप्पाड निघेना. संसार मोडायचा की त्या बाईचं डोकं फोडायचं, एवढंच ठरायचं होतं. "बाबाचा निकाल लागेस्तोवर रडायचं नाही," असं बाळाला बजावलं. त्यानं जांभई दिली. असला माझा साथीदार!

पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. गोठ्याच्या फटीतून कंदिलाचा पिवळा पट्टा बाहेर पडलेला. डोळा लावला तर भिंतीवर पदर घेतलेली सावली, पार आढ्याला टेकलेली. किण किण. आणि साडी? माझीच! धारेला बसताना नेसायचे ती.

"कोण गं तू भवाने?" मी दार ढकललं.

बाई वळली. पदराखाली मिशा होत्या.

"हळू बोल की!" रामहरी कुजबुजला. "पान्हा चोरंल ती."

"आवं, हे काय?"

"तू गेलीस आन रंभा जवळ येऊ दीना. लाथा खाल्ल्या मी. तिला तुझा वास लागतोय, तुझ्या बांगड्या लागत्यात. काय करू?"

त्याच्या पंजातून बांगड्या कुठल्या चढायला! सुतळीत ओवून मनगटाला बांधल्या होत्या.

हसू दाबताना मी हलले आणि बाळानं भोकाड पसरलं. पान्हा फुटून माझा पदर भिजला. रंभेनं मान वळवून कान टवकारले, आणि चरवीत धार वाजू लागली.

बाळाला पदराखाली घेऊन मी पेंडीच्या पोत्यावर टेकले. "उद्यापासून मी काढते धार."

"न्हाय. वली बाळंतीण तू. निऱ्या तेवढ्या नीट घालून दे, पायात येत्यात."

"आन भागूबाईला काय सांगू?"

तो घाबरून बघायला लागला.

"सांगते," मी म्हणाले, "बाई बघितली. मला पसंत हाय."